तिघांचं यान, पण जागा एकाचीच

"जेमिनीच्या (अमेरिकेच्या दोघांच्या यानाच्या) आधीच रशियाने तिघांना एका यानात वर पाठवलं, म्हणजे तंत्रात ते कितीतरी पुढे होते," हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा अर्धाच पटतो. क्रम बरोबर आहे: तिघांना नेणारं सोव्हिएत यान ‘वोस्खोद १’ हे ऑक्टोबर १९६४ मध्ये उडालं आणि जेमिनीचं पहिलं मानवी उड्डाण झालं मार्च १९६५ मध्ये. पण वोस्खोद हे काही नवं यान नव्हतं. पहिला अंतराळवीर गागारिन ज्यात गेला त्याच एकट्याच्या वोस्तोक यानाचा तो गोळा. त्यातली इजेक्शन सीट (अंतराळवीराला यानाबाहेर फेकणारं आसन) काढली आणि तिथे तीन आसनं दाटीवाटीने बसवली. ती बसावीत म्हणून ९० अंशांत फिरवावी लागली, पण उपकरणांचा फलक होता तिथेच राहिला. त्यामुळे काटे वाचायचे तर मान वाकडी करायची! प्रेशर सूट (यानातली हवा गेली तरी जीव वाचवणारा पोशाख) घालायलाही जागा उरली नाही, म्हणून कोमारोव, फेओक्तिस्तोव आणि येगोरोव हे तिघे अंतराळवीर साध्या कपड्यांत गेले. उड्डाणाच्या सुरुवातीलाच रॉकेट बिघडलं असतं तर सुटकेची सोयच नव्हती. फेओक्तिस्तोव हा स्वतः या यानाच्या रचनेवर काम करणारा इंजिनिअर, म्हणजे धोका त्याला नेमका ठाऊक होता.

नवं म्हणावं असं एकच: इजेक्शन नसल्याने तिघेही यानातच बसून उतरले, आणि जमिनीवरचा आदळा कमी करायला ब्रेकिंग रॉकेट जोडलं होतं. बाकी उड्डाण जेमतेम दिवसभराचं. त्याच दिवसांत मॉस्कोत मात्र सत्तापालट झाला. कक्षेत असताना त्यांच्याशी फोनवर बोलले तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव, आणि परतल्यावर मॉस्कोत स्वागताला उभे होते त्यांच्या जागी आलेले ब्रेझनेव!