ठिपक्याचं ‘आयुष्य’ की ‘मुक्काम’?

राजारामपुरी : यीस्टवरच्या मराठी टिपणात ‘पॅच लाइफटाइम’ला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या पटलावर प्रथिनाचा चमकता ठिपका किती वेळ दिसतो त्याला, ‘ठिपक्याचे आयुष्य’ लिहिलंय. पटतं का? आणि एंडोसायटोसिसला ‘पेशीय भक्षण’ म्हणावं का?

रंकाळा : भक्षण अमीबाला शोभतं. यीस्ट पटलाचा तुकडा आत ओढून त्यावरची प्रथिनं परत घेतं, ‘अंतर्ग्रहण’ बरं. ‘आयुष्य’ मात्र नको. ठिपका मावळला म्हणून प्रथिन मरत नाही, ते सुटतं आणि दुसरीकडं जाऊन बसतं. ‘मुक्काम’ म्हणा. या कामातली तीन प्रथिनं बघा : एडी१चा (Ede1) मुक्काम मिनिटभर किंवा जास्त, स्ला१चा साधारण अर्धा मिनिट, एबीपी१चा १०-१५ सेकंद.

राजारामपुरी : लेझरनं जीएफपी (प्रथिनाला जोडलेलं चमकणारं प्रथिन) विझलं तर तेही मुक्काम हलणं?

रंकाळा : नाही, ते ‘फिकटणं’. गोम इथंच आहे. लेझर निम्मा करून तीच फिल्म पुन्हा घ्या. मुक्काम वाढला, तर आधी तुम्ही फिकटणंच मोजत होता.

शाहूपुरी : फिल्मच्या लांबीकडंही बघा. फिल्ममध्येच उगवलेले आणि फिल्ममध्येच मावळलेले ठिपके मोजतात, बाकीचे सोडतात. ९० सेकंदांच्या फिल्ममध्ये एडी१चे लांब मुक्काम आपोआप गळतात, सरासरी खोटी कमी येते. त्याला चार-पाच मिनिटं द्या. चौकट (फ्रेम) दर दोन सेकंदांनी चालेल, एबीपी१ला मात्र सेकंदाला एक तरी हवी.

राजारामपुरी : कायमोग्राफला (एकाच रेषेवरचं दृश्य काळाप्रमाणे शेजारी शेजारी मांडलेलं चित्र) ‘काळपट्टी’ कशी वाटते?

शाहूपुरी : वाचणारा काळी पट्टी समजेल ओ! (असते काळीच म्हणा.) ‘कायमोग्राफ’च ठेवा. फोकस पेशीच्या मधोमध धरला, तर स्ला१ची रेघ पटलालगत सरळ चालते आणि शेवटी आत वळते, छत्रीच्या मुठीसारखी. लॅट्रन्क्युलिन या औषधानं पटल आत ओढायला लागणारं अ‍ॅक्टिन बंद केलं की मूठ जाते, नुसती दांडी उरते.

रंकाळा : टिपणात ‘पेशी काचेवर चिकटवा’ एवढंच आहे, ते अपुरं. काचेला कॉन्कॅनाव्हॅलिन ए (पेशी धरून ठेवणारं प्रथिन) लावून वाळवायचं, नाहीतर पेशी डुलतात आणि ठिपका फोकसबाहेर गेला की मुक्काम संपल्यासारखा दिसतो. वाढ जोमात असतानाची पेशी घ्या, रात्रभर साचलेली नको. एडीई२ जनुक नसलेल्या यीस्टच्या जातीला अ‍ॅडेनिन कमी पडलं तर लालसर रंगद्रव्य साठतं आणि पार्श्वभूमी चमकते. आणि तापमान लिहाच : २५ अंशांचे आकडे मे महिन्यातल्या आपल्या खोलीत, एसी बंद असताना, जुळणार नाहीत.

राजारामपुरी : ‘मुक्काम (सेकंद), २५ अंश’ असा स्तंभ करतो.