अनुभव धागा : तुमच्या घरातली हातानं घडवलेली वस्तू कोणी केली आणि त्याला काय मिळालं?

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, लग्नसराई तोंडावर आलीये आणि आमच्याकडे परत तीच चर्चा, आहेर काय द्यायचा. मिक्सर, डिनर सेट, भिंतीवरचं घड्याळ, आणि सहा महिन्यांनी ते सगळं माळ्यावर. म्हणून हा धागा काढतोय. घरात रोज वापरात असलेली किंवा कुणाला भेट दिलेली हातानं केलेली एखादी वस्तू सांगा. माती, बांबू, कापड, लाकूड, काहीही चालेल, आणि कुठल्याही देशातली चालेल. फक्त ती कोणी केली आणि त्या माणसाच्या हातात काय पडलं हे माहिती असेल तर तेवढं नक्की लिहा, कारण भाव आपण दुकानदाराला विचारतो, करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

सुरुवात मीच करतो. घरात फ्रीज आहे पण प्यायचं पाणी माठाचंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा माठाची खरी किंमत कळते. मी माठ नेहमी कुंभारवाड्यात जाऊन घेतो. दारावर गाडीवर येतात ते ऑइलपेंट मारलेले चकचकीत माठ घेत नाही, कारण रंगानं मातीची छिद्रं बुजतात, मग पाणी पाझरणार कुठून, आणि पाझरलं नाही तर त्याची वाफ होणार नाही आणि वाफ झाली नाही तर पाणी गार होणार नाही. तिथले आजोबा हेच अहिराणीत एका वाक्यात सांगतात, "भाऊ, माठले घाम येवाले पाहिजे, तवय पाणी थंड व्हस." स्पेनमध्ये बोतिखो म्हणून मातीचं तोटीवालं भांडं असतं, इजिप्तमध्ये झीर म्हणून मोठा रांजण असतो, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. जिथं जिथं ऊन आहे तिथल्या कुंभाराला हे कळलेलं आहे.

आता पैशाचं. आजोबांच्या मुलाशी बसून बोललो. माती आणायला ट्रॅक्टरचं भाडं, सरपण विकत, लीद आणि राख कालवून माती मळायची, चाकावर घडवायचं, थापटून मोठं करायचं, वाळवायचं आणि मग आवा (मडकी भाजायची भट्टी) लावायचा. आवा उघडल्यावर जे तडकलेलं निघतं ते नुकसान पूर्ण त्याचं. एप्रिलमध्ये अवकाळी आला की वाळत घातलेला सगळा माल परत चिखल. गिऱ्हाईक मात्र माठ वाजवून वाजवून बघतं आणि वर वीस रुपये कमी कर म्हणतं. मी त्याच्याकडे भाव करत नाही आणि कुणी माझ्यासोबत आलं तर त्यालाही करू देत नाही.

पांझरेची लेक (धुळे)

भाऊ, छान विषय. मी गोधडीवर लिहिते.

आमच्या गल्लीत एक मावशी गोधड्या शिवतात. जुनी सुती लुगडी, धोतरं, शर्ट, सगळं धुऊन आपल्याकडून घेऊन जातात, थरावर थर लावतात आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यावर येतात. टाके इतके बारीक की उलट बाजूनं बघितलं तरी ओळ सुटत नाही. माझ्या मुलीच्या बारशाला माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी त्यांच्याकडून करून घेतली. मुलगी आता कॉलेजला आहे, होस्टेलला जाताना तिनं बाकी कपडे निवडायला वेळ लावला पण गोधडी पहिल्यांदा बॅगेत टाकली.

मावशी आधी मजुरी सांगायलाच लाजायच्या, "द्या काय द्यायचं ते" म्हणायच्या, आणि लोक मग खरंच 'काय द्यायचं ते' देऊन मोकळे व्हायचे. गल्लीतल्या आम्ही चार-पाच जणींनी त्यांच्यासोबत बसून हिशोब मांडला, रोज किती तास सुई चालते, एका गोधडीला किती दिवस जातात, शेतात निंदणीला गेल्या असत्या तर किती रोज पडला असता. निघालेला आकडा त्या घ्यायच्या त्याच्या तिपटीपेक्षा जास्त होता! आता त्या तोच आकडा सांगतात आणि गिऱ्हाईक देतं. ज्यांना जड जातं ते हप्त्यानं देतात, पण देतात.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीझ बेंड म्हणून नदीच्या वळणावरची छोटी वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या कामाच्या जुन्या पँटी, शर्ट, पोती जोडून अशाच गोधड्या शिवत आल्या. त्यांचे पूर्वज तिथल्याच कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. हे मी मावशींना मोबाईलवर फोटो दाखवून सांगितलं. त्यांनी एकेक फोटो मोठा करून टाके बघितले आणि म्हणाल्या, "कापूस त्यास्ना भी आनि आपला भी." मला हे फार लागलं, कारण आपलं खान्देशही कापसाचंच.

भुसावळ जंक्शन

ताई, मावशी कुरिअरनं पाठवतील का? बाकी माझ्याकडे आजोबांची बाज आहे, सुतळीनं विणलेली. विणणारा माणूस गावात एकच उरलाय, त्याला घरी बोलावून परत विणून घेतली. दिवसभराची मजुरी आणि दोन वेळचं जेवण. गच्चीवर तिच्यावर जी झोप लागते ती गादीवर नाही.

पारोळ्याची मोठी वहिनी

खापर कोणीच कसं लिहिलं नाही? खान्देशी म्हणवता आणि मांडे विसरता?

खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं ठेवायचं आणि त्याच्या पाठीवर मांडा टाकायचा. मांडा लाटत नाहीत, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवतात आणि मग एका झटक्यात खापरावर. कानबाईच्या सणाला, आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमच्याकडे होतातच. आता खापर कसं पाहिजे, तर पाठ सगळीकडून सारखी, कुठं जाड कुठं पातळ असेल तर मांडा एकीकडे करपतो नि एकीकडे कच्चा राहतो, आणि तीन-चार तास जाळ सोसला पाहिजे. साधा माठ घडवणारा प्रत्येक कुंभार खापर करू शकतो असं नाही हो. आमचे कुंभारदादा म्हणतात की माठाच्या पाच पट लक्ष लागतं आणि लोक मात्र माठाच्याच भावानं मागतात.

माझी नणंद मेक्सिकोला नोकरीला होती काही वर्षं. ओआखाका भागात तिनं कोमाल पाहिला, मातीचा तवा, त्याच्यावर मक्याच्या भाकरी भाजतात, आणि भाकरी चिकटू नये म्हणून त्याला आधी चुन्याचं पाणी लावतात. इथिओपियात इंजेरा (त्यांची आंबवलेल्या पिठाची मोठी भाकरी) भाजायचा मिताद म्हणजे तवाही मातीचा असतो. नणंदेनं तिकडच्या बाईला आमच्या खापराचा व्हिडिओ दाखवला तर ती बाई उठून उभी राहिली म्हणे, आणि तिनं पहिला प्रश्न केला की हे घडवतं कोण. नणंद परत आल्यावर तिला मी खापरच भेट दिलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चूल नाही तर गावाकडून शेगडी नेली तिनं, आणि गेल्या आखाजीला सोसायटीतल्या सगळ्यांना मांडे खाऊ घातले.

सातपुड्यातला (शहादा)

आमच्याकडे पावरा आणि भिल्ल समाजात बांबूचं काम घराघरात आहे. टोपल्या, सुपं, धान्याच्या कणग्या, कोंबड्यांची डालकी. काठी गावच्या होळीत नाचणारे डोक्यावर मोरपिसं लावलेले बांबूचे उंच टोप घालतात तेही घरीच बनतात, विकत कोण देणार.

मी शाळेत शिक्षक आहे, दर आठवडी बाजारात बघतो, बाई डोंगरातून पहाटे निघते, डोक्यावर टोपल्यांची उतरंड, आणि दुपारी बाजार उठायच्या वेळी पडेल त्या भावात देऊन जाते कारण परत चढून न्यायचं ओझं नको असतं. व्यापारी हे ओळखून मुद्दाम दुपारनंतरच येतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आठवडी बाजारात टोपली घ्यायची तर सकाळी घ्या.

कायद्याचंही एक सांगतो. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' धरलेला होता, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवान्याची भानगड. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू त्यातून काढला. जंगलातल्या बांबूवर २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला हक्क मिळू शकतो, पण त्यासाठी दावा दाखल करावा लागतो, मागे लागावं लागतं. कच्चा माल हातात नसेल तर कारागिरी कितीही असू द्या, काही उपयोग नाही.

जपानमध्ये बेप्पू शहर बांबूकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथले शोनो शोउनसाई यांना १९६७ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला, बांबूकामात पहिल्यांदाच. हा मान मिळालेल्यांना सरकार दरवर्षी मानधन देतं, त्यांनी पुढच्या लोकांना शिकवावं म्हणून. मी आमच्या शाळेत दर शनिवारी एका पावरा आजीला बोलावतो, मुलं टोपली विणायला शिकतात, आजीचं मानधन आम्ही शिक्षक वर्गणीनं देतो. जास्त नाही, पण 'गुरुजी' म्हणून मुलं तिच्या पाया पडतात.

यावलकर

सर, बांबूवरून आठवलं. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि असल्याच गावाकडच्या साहित्यातून केली, गांधीजींचा तसा आग्रहच होता. सोबत ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही होतं. आमच्या भागातल्या पोरांना हे माहितीच नसतं.

केळीबाग (रावेर)

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड कापला की खोड बांधावर, तिथं कुजतं नाहीतर जाळतात. आमच्या गावच्या बचत गटात आम्ही त्याच खोडाचा धागा काढायला लागलो, मशीनवर सोलून, धुऊन, वाळवून, आणि त्याच्या परड्या, टेबलावरच्या चटया, पिशव्या करतो. माझी बायको गटात आहे, मी हिशोब आणि पॅकिंग बघतो.

वाचत गेलो तसं कळलं की हे जगात किती ठिकाणी आहे. युगांडात केळीचे तंतू आणि राफिया वापरून गोल टोपल्या करतात. फिलिपिन्सचा अबाका केळीच्याच कुळातला, त्याचे दोर जहाजांवर चालायचे. आणि जपानच्या ओकिनावात किजोका गावात केळीच्या जातीच्या झाडापासून बाशोफू नावाचं कापड विणतात, खोडाचे पापुद्रे सोलायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, तंतू काढून एकेक गाठ मारत जोडायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे जवळजवळ संपलं होतं, तोशिको ताइरा नावाच्या बाईंनी गावातल्या बायकांना घेऊन परत उभं केलं आणि २००० मध्ये त्यांनाही, सर म्हणतात तो 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मान मिळाला. उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारं कापड! आम्ही गटात हे वाचून दाखवलं तेव्हा बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते, कारण गावात त्यांना 'कचरा गोळा करता' म्हणून बोलणारे कमी नव्हते.

पण कडू अनुभवही लिहितो. एका मोठ्या शहरातल्या गिफ्टच्या दुकानानं दिवाळीची मोठी ऑर्डर दिली, माल नेला, आणि पैसे 'विकलं की देतो'. विकलं गेलं, पैसे आले नाहीत, फोन उचलणं बंद. गटातल्या बायकांची दिवाळी कोरडी गेली. त्यानंतर नियम केला, अर्धे पैसे ऑर्डरसोबत, उरलेले माल निघायच्या आधी. हा आमचा शोध नाही, जगभरात फेअर ट्रेडवाले (कारागिराला रास्त दाम देऊन व्यापार करणारे) हेच करतात, हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरानं मागितलं तर निदान ५० टक्के बिनव्याजी आगाऊ द्यायचे असा वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचा नियम आहे. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर या अमेरिकन बाईंनी पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम स्वतः नेऊन विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही फेअर ट्रेडची संस्था उभी राहिली. म्हणजे असा व्यापार होऊ शकतो. आगाऊ मागितल्यावर काही दुकानं सोडून गेली, जी राहिली ती आजही वेळेवर देतात.

तापीचं पाणी (सध्या पुणे)

आमच्या कंपनीत रवांडाचा एक मित्र होता, जाताना त्यानं आगासेके दिली, निमुळत्या झाकणाची छोटी टोपली, लग्नात द्यायची त्यांच्याकडे पद्धत आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर हुतू आणि तुत्सी या दोन समाजांतल्या बायका एकत्र बसून या टोपल्या विणायला लागल्या, ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली त्या आणि मारणाऱ्यांच्या घरातल्या, दोघी शेजारी. त्याच्या आईनं विणलेली होती ती. मी त्याला काय देणार, तर धरणगावहून आईला सांगून पोळ्याचे मातीचे बैल मागवले, रंगवलेले, शिंगांना बेगड. त्याच्या आईचा फोटो आला नंतर, बैल दिवाणखान्यात.

गिरणाकाठ (जळगाव)

वाचून फार बरं वाटतंय. एक उपयोगाची माहिती, पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून आहे, त्यात १८ व्यवसाय आहेत, कुंभार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, सुतार, खेळणी करणारे वगैरे. अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. तुमच्या ओळखीच्या कारागिराला फॉर्म भरायला बसून मदत करा, नुसता मेसेज फॉरवर्ड करू नका. धुळ्याच्या ताई, गोधडी यादीत वेगळी नाही पण शिंपीकाम आहे, सेंटरवर त्यात बसतं का ते विचारून बघा.

पांझरेची लेक (धुळे)

विचारते भाऊ. आणि भुसावळवाले दादा, मावशींशी बोलले, कुरिअरनं पाठवतील. कपडा तुमचाच लागेल आणि सुतीच पाठवा, नायलॉनच्या साड्यांतून सुई नीट जात नाही आणि थर सरकतात. आधी धुऊन, काठ उसवून ठेवा. थंडीच्या आधी हवी असेल तर श्रावणातच सांगायला लागेल, आत्ता त्यांच्याकडे बरीच कामं आहेत. अर्धे पैसे आधी.