फुलातलं माकड आणि खरं माकड

माकडतोंड्या ऑर्किडचं फूल कॅपुचिन माकडासारखं दिसतं आणि त्यामुळे शत्रूंना घाबरवतं, असं एकांनी लिहिलंय. कल्पना भारी आहे, पण गाडी इथेच रुळावरून घसरते!

ही ऑर्किड म्हणजे ड्रॅक्युला सिमिया, हे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरच्या ढगाळ जंगलातलं, बहुतेकदा झाडांवर वाढणारं फूल. त्याचा फोटो मोठा करून बघा. चेहऱ्याची 'चौकट' म्हणजे एकमेकांना चिकटलेली तीन निदलं (फुलाची बाहेरची, पाकळ्यांसारखी दलं), टोकाला लांब शेपट्या. 'डोळे' म्हणजे दोन चिमुकल्या पाकळ्या, मधलं 'नाक' म्हणजे स्तंभ (फुलाचे नर-मादी भाग जुळून झालेला दांडा). आणि खालचा फिकट, रेघारेघांचा 'जबडा' म्हणजे ओठपाकळी. खरी मेख तिच्यात आहे. ती अळंबीच्या खालच्या बाजूसारखी दिसते. याच ड्रॅक्युला गटातल्या ड्रॅक्युला लाफ्लुरी या दुसऱ्या ऑर्किडवर झालेल्या अभ्यासात अळंबीवर घोंघावणाऱ्या बारीक माश्या या दिसण्याला आणि वासाला फसून येतात, असं आढळलं. म्हणजे सोंग अळंबीचं, माकड आपल्याच डोक्यातलं.

कॅपुचिन माकडाशी तुलना मात्र मजेदार आहे. त्याचं नावही साम्यावरूनच पडलंय, कॅपुचिन साधूंच्या तपकिरी टोपडीवरून. म्हणजे माकडात साधू दिसला नि फुलात माकड!

युरोपातल्या ऑर्किस सिमिया या आणखी एका ऑर्किडच्या फुलात तर हात, पाय, शेपूट असं अख्खं माकड दिसतं. गंमत अशी की युरोपात मोकळी फिरणारी माकडं स्पेनच्या दक्षिण टोकाजवळच्या जिब्राल्टरची, आणि त्या बार्बरी मकाकांना शेपूटच नसते.