रोल नंबर घेतल्यावर नावासाठी प्रोग्रॅम थांबतच नाही: स्कॅनएफ, एफगेट्स आणि मागे उरलेली ओळ

नवशिका_सी

नमस्कार. मी पदविकेच्या पहिल्या वर्षात शिकत असून सी भाषेत विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. तो आधी रोल नंबर, मग पूर्ण नाव आणि शेवटी टक्केवारी विचारतो. रोल नंबर इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये स्कॅनएफ आणि पर्सेंट-डी वापरून घेतला आहे, नाव २० बाइटच्या कॅरेक्टर अ‍ॅरेत एफगेट्सने घेतले आहे, आणि टक्केवारी डबल प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये पर्सेंट-एफ वापरून घेतली आहे. त्यात तीन अडचणी येतात.

पहिली अशी की, रोल नंबर टाइप करून एंटर दाबले की ‘नाव लिहा’ हा मजकूर पडद्यावर उमटतो, परंतु प्रोग्रॅम नावासाठी न थांबता थेट टक्केवारी विचारतो. दुसरी अशी की, टक्केवारी ७८.५ दिली तरी छापताना ०.०० येते, व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य ही किंमत दिलेली आहे. तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक आहे. रोल नंबर चुकल्यास पुन्हा विचारावा म्हणून मी व्हाइल लूप लावला आहे, पण कोणी अंकांऐवजी अक्षरे टाइप केली की तोच प्रश्न पडद्यावर अखंड छापला जातो आणि कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम बंद करावा लागतो.

प्रयोगशाळेत टर्बो सी आहे आणि तेथे प्रत्येक स्कॅनएफनंतर एफफ्लश लिहून त्याला एसटीडीइन (कीबोर्डवरून येणारे इनपुट) द्यावे, असे शिकवले आहे. तेथे ते चालते. घरी उबुंटूवर जीसीसी वापरतो, तेथे त्याच ओळीचा काहीही परिणाम होत नाही. कंपायलरमध्ये दोष आहे की माझ्या प्रोग्रॅममध्ये?

अर्धविराम

कंपायलरमध्ये दोष नाही. तुम्ही २५ टाइप करून एंटर दाबता तेव्हा प्रोग्रॅमच्या हाती तीन कॅरेक्टर येतात: दोन, पाच आणि ओळ संपल्याची खूण, म्हणजे बॅकस्लॅश-एन. पर्सेंट-डी अंक वाचत जातो आणि अंक नसलेले पहिले कॅरेक्टर दिसताच थांबतो. ते कॅरेक्टर तो उचलत नाही, जागेवरच सोडतो. एफगेट्सचे काम बॅकस्लॅश-एन मिळेपर्यंत वाचणे हे असल्याने त्याला ती उरलेली खूण लगेच मिळते आणि त्याच्या दृष्टीने एक पूर्ण ओळ वाचून होते. तुमच्या नावाच्या अ‍ॅरेत त्या वेळी केवळ बॅकस्लॅश-एन आणि शेवटचा शून्य बाइट असतो. छापून पाहिल्यास एक रिकामी ओळ दिसेल.

तात्पुरता उपाय हवा असेल तर स्कॅनएफनंतर एकदा गेटचार हे एक कॅरेक्टर वाचणारे फंक्शन लिहा, म्हणजे ती खूण उचलली जाईल.

टक्केवारीचा प्रश्न वेगळा आहे. प्रिंटएफमध्ये फ्लोट आणि डबल या दोन्हींसाठी पर्सेंट-एफ चालतो, कारण अशा फंक्शनला पाठवताना फ्लोटचे रूपांतर आपोआप डबलमध्ये होते. स्कॅनएफला मात्र किंमत न देता पत्ता दिला जातो, आणि त्या पत्त्यावर चार बाइट लिहायचे की आठ हे त्याला केवळ फॉरमॅटवरूनच कळते. तुमच्या पर्सेंट-एफमुळे आठ बाइटच्या डबलमधील खालचे चारच बाइट भरले गेले आणि वरचे चार शून्यच राहिले. अशी संख्या इतकी सूक्ष्म असते की दोन दशांशस्थळांपर्यंत छापल्यास ०.०० दिसते. डबलसाठी पर्सेंट-एलएफ लिहा. जीसीसीला ‘वजा डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिला असता, तर या ओळीवर त्याने स्वतःहून वॉर्निंग दिली असती.

जुना_टर्मिनल

वरील स्पष्टीकरण योग्य आहे. केवळ एका गेटचारने काम भागेल, हे मात्र मला मान्य नाही. वापरकर्त्याने २५ नंतर चुकून स्पेस दिली तर गेटचार ती स्पेस उचलेल आणि बॅकस्लॅश-एन पुन्हा मागेच राहील. काढायचेच असेल, तर ओळ संपेपर्यंत किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) मिळेपर्यंत गेटचार लूपमध्ये चालवावे लागते. त्यातही गेटचार जे परत देतो ते इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच ठेवावे. ईओएफ ही ऋण संख्या असल्यामुळे ज्या संगणकावर कॅरेक्टरसाठीचा ‘चार’ हा प्रकार चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न ठेवणारा असतो (एआरएमवरील लिनक्समध्ये तो तसा असतो), तेथे ‘चार’मध्ये ठेवलेले ईओएफ कधीच ओळखले जात नाही, आणि इनपुट तेथेच संपले असेल तर लूपही संपत नाही.

आता एफफ्लशविषयी. सी भाषेच्या प्रमाणकाने एफफ्लशचा अर्थ आउटपुटपुरता ठरवलेला आहे: छापण्यासाठी साठवलेला मजकूर बाहेर ढकलणे. केवळ वाचण्यासाठी उघडलेल्या एसटीडीइनवर ते वापरल्यास काय घडावे हे प्रमाणकाने अनिश्चित ठेवले आहे. टर्बो सीच्या लायब्ररीत त्याने कीबोर्डची उरलेली ओळ पुसली जाते, म्हणून आपल्याकडील प्रात्यक्षिकांच्या वह्यांतून ही ओळ एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिली. लिनक्सवरील ग्लिब्सी या सी लायब्ररीत टर्मिनलवरून येणाऱ्या इनपुटवर तिचा परिणाम होत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलेच आहे. जेथे ती ‘चालते’ तेथेही ती आधीच आलेले इनपुट फेकून देण्याचेच काम करते, हे मला अधिक खटकते. शिक्षकांनी शिकवले म्हणून प्रयोगशाळेत लिहावे लागत असेल तर लिहा, परंतु घरच्या प्रोग्रॅममध्ये ती नको.

त्याच वह्यांमध्ये गेट्स हे फंक्शनही आढळते. ते तर अजिबात वापरू नये. अ‍ॅरे किती मोठा आहे हे गेट्सला सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे लांब ओळ आली की ते अ‍ॅरेच्या पलीकडील मेमरीवर लिहीत सुटते. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक नेमका हाच होता: वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेचा प्रोग्रॅम ५१२ बाइटच्या बफरमध्ये गेट्सने वाचत असे आणि वर्म त्याला ५३६ बाइट पाठवत असे. सी११ प्रमाणकातून, म्हणजे २०११मध्ये, गेट्स काढूनच टाकण्यात आले.

माझा सल्ला असा आहे की, वापरकर्त्याकडून येणारी प्रत्येक गोष्ट एफगेट्सने ओळ म्हणूनच घ्यावी आणि तिचा अर्थ नंतर लावावा. संख्या हवी असेल तेथे ती ओळ स्ट्रटॉल या मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला द्या. वाचन कोठे थांबले त्याचा पॉइंटर स्ट्रटॉल परत देतो. तो ओळीच्या आरंभावरच असेल तर एकही अंक मिळालेला नाही, आणि त्याच्यापुढे बॅकस्लॅश-एनखेरीज काही उरले असेल तर संख्येनंतर कचरा आहे. संख्या लाँगमध्ये मावत नसेल तर एरनो या चुकीचा प्रकार सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ईरेंज (मर्यादेबाहेर) ही किंमत येते, मात्र त्यासाठी स्ट्रटॉलच्या आधी एरनो शून्य करून ठेवावे लागते. एटॉय हे तसेच जुने फंक्शन यांपैकी काहीच सांगत नाही. ‘अबक’ आणि ‘०’ या दोन्हींसाठी ते शून्यच देते.

एफगेट्स ओळीसोबत बॅकस्लॅश-एनही अ‍ॅरेत ठेवते, हे लक्षात असू द्या. स्ट्रसीस्पॅन वापरून त्याचे स्थान शोधावे आणि तेथे शून्य बाइट लिहावा. अ‍ॅरेत बॅकस्लॅश-एन सापडलेच नाही, तर सहसा त्याचा अर्थ ओळ मावली नाही आणि तिचा उर्वरित भाग पुढच्या वाचनात येणार आहे, असा होतो.

अर्धविराम

गेटचारविषयीचा आक्षेप मान्य. तथापि स्कॅनएफला सरसकट बाद ठरवणे मला पटत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी स्कॅनएफ काय परत देतो याकडे कोणीच पाहत नाही म्हणून उद्भवतात. तो यशस्वीपणे भरलेल्या व्हेरिएबलांची संख्या परत देतो. मूळ प्रश्नातील तिसऱ्या अडचणीत पर्सेंट-डीला अक्षर दिसताच त्याने शून्य परत दिले आणि अक्षरे जशीच्या तशी मागे सोडली. लूपच्या पुढच्या फेरीत पुन्हा तीच अक्षरे समोर आली, म्हणून तो फिरतच राहिला. परत आलेली संख्या एक नसेल तेव्हा ती ओळ शेवटपर्यंत काढून टाकली, की हा लूप थांबतो.

पर्सेंट-डी, पर्सेंट-एफ आणि पर्सेंट-एस हे आपल्या आधीच्या स्पेस व बॅकस्लॅश-एन स्वतः ओलांडतात, पर्सेंट-सी मात्र ओलांडत नाही. म्हणूनच ‘पुढे जायचे का, हो की नाही’ असे एका अक्षरात विचारणारे प्रोग्रॅम उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जातात. तेथे फॉरमॅटमध्ये पर्सेंट-सीच्या आधी एक स्पेस लिहिली की पुरते. तीच स्पेस किंवा बॅकस्लॅश-एन फॉरमॅटच्या शेवटी लिहिल्यास मात्र उलटेच घडते: पुढचे दिसणारे कॅरेक्टर येईपर्यंत स्कॅनएफ थांबून राहतो आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो.

दोन्ही पद्धतींचा मेळ घालायचा असेल, तर एफगेट्सने ओळ घेऊन तिच्यावर एसस्कॅनएफ (कीबोर्डऐवजी अ‍ॅरेतून वाचणारा स्कॅनएफ) चालवावे. पहिल्या वर्षासाठी ते पुरेसे आहे.

जुना_टर्मिनल

पुरेसे आहे, एक अपवाद वगळून: इंटमध्ये न मावणारी संख्या आली तर पर्सेंट-डीच्या बाबतीत काय व्हावे हे प्रमाणक सांगत नाही. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७ इतकाच असतो. जीसीसीवर सामान्यतः ३२ बिटांचा, कमाल २,१४,७४,८३,६४७. रोल नंबरऐवजी उद्या दहा अंकी नोंदणी क्रमांक घेण्याची वेळ आली तर तो कॅरेक्टर अ‍ॅरेतच ठेवा. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करणार नाही, आणि आरंभीचे शून्यही शाबूत राहील.

नवशिका_सी

दोघांचेही आभार. सर्व वाचन एफगेट्सने करून पाहिले. पहिल्या तिन्ही अडचणी सुटल्या. आता नावे मराठीत लिहिली की वेगळेच प्रश्न उभे राहतात. ‘सोनाली’ हे नाव नीट येते, परंतु ‘ज्ञानेश्वर’ लिहिले की ते अर्ध्यावर तुटते, शेवटी एक विचित्र चौकोन दिसतो, आणि पुढच्या प्रश्नाला त्याच नावाचा उरलेला भाग उत्तर म्हणून मिळतो. शिवाय प्रिंटएफमध्ये पर्सेंट वजा-वीस-एस लिहूनही रकाने सरळ येत नाहीत. इंग्रजी नावांचे येतात. रोल नंबर देवनागरी अंकांत दिला तर तोही नाकारला जातो.

बाइटमोजणी

सी भाषेतील ‘चार’ हा प्रकार म्हणजे एक बाइट, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. येथे चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते जोडाक्षर नव्हे. व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षराच्या पोटात दडलेला हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘सोनाली’मध्ये अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट, त्यात बॅकस्लॅश-एन आणि शून्य बाइट मिळवले की बरोबर २० होतात. तुमचा अ‍ॅरे त्या नावाला योगायोगानेच पुरला. ‘ज्ञानेश्वर’मध्ये दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट आहेत. एफगेट्स १९ बाइट घेऊन थांबले, त्यांत सहा चिन्हे पूर्ण आली आणि सातव्याचा एकच बाइट आला. तो एकटा बाइट म्हणजे तुम्हाला दिसलेला चौकोन. उरलेले बाइट पुढच्या वाचनाला मिळाले, हे वर सांगितलेच आहे. पूर्ण नावासाठी अ‍ॅरे २५६ बाइटचा घ्या आणि कंजुषी करू नका.

स्ट्रलेनही बाइटच मोजते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ची लांबी ते ३० सांगेल. चिन्हे मोजायची असतील तर सेटलोकेलने भाषेची मांडणी लावून एमबीएसटीओडब्ल्यूसीएस हे बाइटांची चिन्हे करणारे फंक्शन वापरता येते. तरीही उत्तर दहा येईल, वाचकाला दिसणारी चार अक्षरे नव्हेत.

देवनागरी अंकांचे कारणही तेच आहे: स्ट्रटॉलच्या लेखी अंक म्हणजे एका बाइटचे इंग्रजी अंक. तीन-तीन बाइट तपासून देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक ठेवणारे एक छोटे फंक्शन लिहावे आणि मगच ओळ स्ट्रटॉलला द्यावी. शून्य ते नऊ ही चिन्हे यूनिकोडमध्ये सलग असल्याने ते दहा-बारा ओळींत बसते.

रकान्यांचे मात्र खात्रीशीर उत्तर नाही. प्रिंटएफ रुंदी बाइटांत मोजतो, म्हणून मराठी नावांपुढे रिकाम्या जागा कमी पडतात. चिन्हांची रुंदी सांगणारे डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन लिनक्सवर आहे, परंतु जोडाक्षर पडद्यावर किती जागा व्यापेल हे टर्मिनल आणि फॉन्ट यांवर ठरते आणि दोन टर्मिनलांत ते वेगळे निघू शकते. या प्रोग्रॅमपुरते रोल नंबर आणि टक्केवारी हे रकाने आधी छापा आणि नाव ओळीच्या शेवटी ठेवा.