मुलगा सहा वर्षांचा, वजन वाढतंय, घरी सगळे म्हणतात बाळसं आहे, उतरेल

ओवीची_मावशी:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय. माझा मुलगा सहा पूर्ण, उंची ११६ सेंमी, वजन २६ किलो. लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तक्त्यावर टिंब मारून दाखवलं की वरच्या लाल रेषेच्या पार गेलाय. आम्ही दोघं नोकरीवर, दिवसभर सासूबाई बघतात, जीव लावून बघतात त्यात वादच नाही, पण मोबाईल समोर ठेवून भरवतात आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठू देत नाहीत. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये गाड्या, खेळायला जागा नाही म्हणून परत टीव्ही. काही बोलले तर "आमची पोरं अशीच गुटगुटीत होती" हे ठरलेलं. एवढ्या लहान मुलाला डाएट करायचं का? मला रात्री झोप लागत नाहीये.

कोथरूडचा_बाबा:
डाएट अजिबात नको ताई. वाढीचं वय आहे, वजन उतरवायचं नसतं, फक्त वाढायचा वेग कमी करायचा, उंची वाढली की आपोआप जुळतं. बाकी डॉक्टर सांगतीलच.
पण "उतरेल" यावर विसंबू नका. मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, मग कमी होत जातो आणि साधारण पाच-सहा वर्षांनी परत वर जायला लागतो, हे चढणं लवकर सुरू झालं तर पुढे धोका वाढतो. दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांची वर्षानुवर्षं मापं घेतली होती, त्यातल्या जवळपास १५०० जणांना २६ ते ३२ वयात तपासलं. ज्यांना साखर किंवा साखरेच्या आधीची पायरी निघाली ते दोन वर्षांपर्यंत बारीकच होते आणि नंतर भराभर चढलेले, पण बाराव्या वर्षी त्यातलं एकही मूल लठ्ठ म्हणावं असं नव्हतं!! म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून कळतच नाही, दर सहा महिन्यांनी उंची-वजन मांडायचंच.
आणि आपल्या पुण्याचंच उदाहरण, केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू कमी असले तरी पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपली बाळं बारीक दिसूनही आतून चरबीची असतात, म्हणून आपल्या मुलांच्या तक्त्यात जास्त वजन आणि लठ्ठपणाच्या रेषा मोठ्या माणसाच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळवून काढल्यात, परदेशासारख्या २५ आणि ३० ला नाहीत. त्यामुळे डॉक्टर उगाच घाबरवत नाहीयेत.

पीटीवाले_सर:
१९ वर्षं शाळेत खेळ शिकवतोय. जे पोर जाड असतं त्याला टीममध्ये शेवटी घेतात, मग ते स्वतःच "सर मी स्कोर लिहितो" म्हणतं, आणि दोन वर्षांत खेळणंच सुटतं. हे बघवत नाही. दिवसाला साठ मिनिटं दमणूक हवी असते, पण सलग नाही झाली तरी चालते. लंगडीला एवढीशी जागा लागते, जिन्याच्या लँडिंगवर पण होते. विषामृत, डबा ऐसपैस, दोरीच्या उड्या. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्ट बंद करा. फक्त "वजन कमी करायला खेळ" असं त्याच्यासमोर एकदाही म्हणू नका, त्याला ती शिक्षा वाटते.

सांजवात८३:
मी ती मुलगी आहे जिला घरी लाडाने "लाडू" म्हणायचे. पाहुणे गाल ओढायचे, मग दहावीत तेच लोक "आता कमी खा गं" म्हणायला लागले. चोरून खायची सवय तिथून लागली, ताटावर बसलं की अजूनही पोट भरलंय की नाही कळत नाही, कारण लहानपणी ते मी ठरवलंच नव्हतं, भरवणारा ठरवायचा. चाळिशीत येऊन शिकतेय. म्हणून कळकळीने सांगते, काय वाढायचं आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. अर्धी पोळी उरली तर उरू दे. आणि त्याच्यासाठी वेगळी भाजी आणि बाकीच्यांना वेफर्स असं करू नका, घरात आणूच नका.
सासूबाईंना दोष देऊ नका हो. त्यांनी कुपोषणाचे, आजारपणाचे दिवस बघितलेत, भरलेलं मूल म्हणजे वाचलेलं मूल असं त्यांच्या पोटात बसलंय.

ओवीची_मावशी:
सगळ्यांना खूप धन्यवाद, शेवटचं वाचून रडूच आलं. शनिवारी सासूबाईंना घेऊनच डॉक्टरांकडे गेलो, मी काहीच बोलले नाही, त्यांनीच तक्ता बघितला आणि गप्प झाल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, मोबाईल नको, मी गोष्ट सांगते. आज तीन घास स्वतःच्या हाताने खाल्ले, बाकी सांडलं. लंगडी मात्र त्यांनीच शिकवली, भिंतीला धरून 🙂
आता शाळेचं काय करू ते सांगा, आठवड्यातून दोनदा कोणाचा तरी वाढदिवस आणि केक-वेफर्स असतातच, एकट्याला नाही कसं म्हणणार?