हॅप्टिक ग्लोव्ह मूठ मिटली की रिस्टार्ट होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ठाण्याचा, कॉलेज ऐरोलीला, लास्ट इयर. प्रोजेक्टला हॅप्टिक ग्लोव्ह बनवतोय, म्हणजे व्हीआरमधली (हेडसेटमधल्या आभासी जगातली) वस्तू धरली की ती बोटांना लागली पाहिजे. हॅप्टएक्स जी१ या तयार ग्लोव्हला एका हातात १३५ अॅक्च्युएटर (त्वचेला दाबणारे छोटे भाग) आहेत आणि हवेचा पंप पाठीवर, किंमत बघून टॅबच बंद केला. म्हणून ल्युसिडग्लोव्हजचं ओपन सोर्स डिझाइन धरलं. आयकार्डची रील असते ना, तिची दोरी बोटाच्या टोकाला बांधायची, बोट वाकलं की रील फिरते, पोटेन्शिओमीटर (फिरवलं की रेझिस्टन्स बदलणारा भाग) ते मोजतो आणि वस्तू आली की सर्व्हो (छोटी मोटर) रील अडवतो. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं, ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि पाच एसजी९० सर्व्हो.

एकेक बोट मस्त अडतं. पण पूर्ण मूठ मिटली की बोर्ड रिस्टार्ट, स्क्रीनवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज खाली पडल्याचा) मेसेज. सगळं लॅपटॉपच्या यूएसबीवर चालू आहे. आणि वायफाय चालू केलं की अंगठ्याचं रीडिंगच येत नाही, त्याचा पोटेन्शिओमीटर पिन २५ वर आहे, दोनदा बदलून झाला.

अजून एक, आजीला ग्लोव्ह घालून लिंबू धरायला दिलं तर म्हणते, हे लिंबू आहे की गोटी? मऊपणा कसा आणायचा? पुढच्या आठवड्यात डेमो आहे, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १: अरे पोटेन्शिओमीटर बिचारा चांगलाच असणार. पिन २५ एडीसी२ वर (बोर्डाच्या अॅनालॉग वाचणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्यावर) येते, वायफाय चालू असताना तिथे अॅनालॉग वाचता येत नाही. पाचही बोटं ३२ ते ३९ मधल्या पिनांवर घे. आणि पाच सर्व्हो एकदम अडले तर दोन-तीन अँपिअर सहज खेचतात, यूएसबी काय देणार? सर्व्होंना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय दे, ग्राउंड मात्र बोर्डाशी जोड, नाहीतर सर्व्हो नाचत बसतील.

प्रतिसाद २: मऊपणासाठी दोरीत छोटी स्प्रिंग टाकून बघ.

प्रतिसाद १: मग दगड पण लिंबूच लागेल की! त्यापेक्षा बोट जसं दाबेल तसा सर्व्हो कोडमधून थोडा थोडा मागे सरकव.

धागाकर्ता: पिन ३३ वर घेतली, अंगठा आला!! सप्लाय उद्या आणतो. सर्व्हो सरकवून बघितला, लिंबू दाबलं जातंय पण टकटक टप्पे लागतात. आजी म्हणते आता डाळिंब झालं.