पुन्हा विषय: शनिवारी पाऊस चुकवायला डोंगरावर

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

शनिवारचा अंदाज पाहिला असेलच. सिएटलला शनिवारी पाऊस, रविवारी पाऊस आणि सोमवारी बदल म्हणून वाऱ्यासकट पाऊस. त्यामुळे ठरलेली जवळची पायवाट रद्द. त्याऐवजी स्नोक्वाल्मी घाट ओलांडून, एलन्सबर्गच्या पुढे, यॅकिमा नदीच्या खोऱ्यात उमटॅनमच्या धारेवर जाऊ. ढग कॅस्केड्सच्या डोंगररांगेच्या अलीकडच्या अंगालाच मोकळे होतात. पलीकडे यॅकिमा गावात अख्ख्या वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास.

सकाळी ६.३० ला नेहमीच्या पार्किंगमध्ये. घाट ९२१ मीटरवर आहे, मार्चात तिथे बर्फ असू शकतो, चाकांना लावायच्या चेन गाडीत ठेवा. चढ उभा आहे, लहान मुलांना आणू नका. पॅण्ट मोज्यात खोचा, या दिवसांत तिकडे गोचिडी असतात. डबा आपापला. गाडीत जागा हवी असेल त्यांनी गुरुवारपर्यंत इथेच कळवावं. मला वेगवेगळे फोन करू नका, माझं डोकं फिरतं.


प्रेषक: धरमपेठवाला (मुक्काम नागपूर)

मी येत नाही हे उघड आहे, तीन आठवड्यांसाठी आईकडे आलोय. पण विषय वाचून हसू आलं म्हणून लिहायला बसलो. निघताना तुम्हा सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, बसा भिजत, मी चाललो उन्हात. नागपूरला उतरलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारला अंधारून आलं, मागच्या पत्र्यावर कोणी ट्रकभर गिट्टी ओतावी तसा आवाज झाला आणि दहा मिनिटांत अंगणातली तुळस आडवी. आईनं मूठभर गारा वाटीत घेऊन मला दाखवल्या, जणू माझ्यासाठीच मागवल्या होत्या. मग रोज तेच. सकाळ लख्ख, दुपारी घाम, चारनंतर गडगडाट, रात्री लाइट गेलेले.

इकडच्या अवकाळीचं तंत्र आपल्या तिकडच्या पावसापेक्षा अगदी निराळं. पश्चिमेकडून येणारी थंड हवा वरच्या थरातून जाते, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे खालून येतात आणि दोघांची गाठ नेमकी विदर्भावर पडते. दुपारचं ऊन त्याला फोडणी देतं. म्हणून तो येतो तो बहुतेक करून दुपार टळल्यावर. तिकडे पाऊस चुकवायला डोंगर ओलांडावा लागतो, इकडे नुसतं लवकर उठलं की भागतं.

तर शाळेतले आम्ही चौघं पहाटे पाचला निघालो. ठरवलं रामटेक. कामठी, कन्हान, मनसरला उजवीकडे वळलं की समोर डोंगर, पन्नासेक किलोमीटर. एक बँकवाला, एक मास्तर, एक काटोलचा बागायतदार आणि मी. गाडीत बसल्याबसल्या बँकवाल्याच्या मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा आला. तो मी मोठ्यानं वाचला आणि म्हटलं, ‘पाहा, संत्रानगरीला ऑरेंज अलर्ट!’ मला हे फार सुचलेलं वाटत होतं. मास्तर हसला. काटोलवाला खिडकीबाहेर पाहत म्हणाला, ‘कायचं ऑरेंज बे? ऑरेंज खाली पडून राहिले.’

कन्हानच्या पुलापर्यंत कोणी बोललं नाही.

मला माहीतच नव्हतं. म्हणजे गारपीट झाली हे माहीत होतं, पण माझ्या डोक्यात ती आमच्या पत्र्यावरच पडली होती. त्याच्याकडे मृग बहार झाडावर तयार होता. पावसाळ्याच्या तोंडी फुललेली फळं, ती फेब्रुवारी-मार्चात तोडायची. त्याच वेळी दुसऱ्या तुकड्यात आंबियाची बारकी फळं नुकती धरली होती, जी ऑक्टोबर-नोव्हेंबरात यायची. म्हणजे गार एकदाच पडली आणि दोन हंगाम घेऊन गेली. व्यापाऱ्यानं उभी बाग ठरवून इसारही दिला होता. गारा पडल्या त्या रात्रीपासून तो फोन उचलत नाही. पंचनामा झालाय. हे सगळं त्यानं गाडीत सांगितलं नाही, वर चढताना थोडं थोडं सांगितलं. दम लागला की थांबायचा आणि एक वाक्य बोलायचा.

आम्ही गाडीनं थेट वर गेलो नाही. अंबाळ्याच्या तळ्याशी गाडी लावली. पाण्यात घाटांची आणि देवळांची उलटी रांग पडलेली, रात्रीच्या पावसानं हवा धुतलेली. डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलाय आणि तळं त्याच्या कुशीत. जुन्या पायऱ्यांनी गडावर आणि मग धारेनं जमेल तितकं, असा बेत. पायऱ्या ओल्या होत्या, शेवाळाच्या ठिकाणी बँकवाल्यानं देवाचं नाव घेतलं आणि मग दुसऱ्या कोणाचं तरी.

पळस कसा होता ते कसं सांगू. सागाला एक पान नाही, सालई नुसती पांढुरकी खोडं घेऊन उभी आणि मधेच पळसाचं एखादं झाड असं की वाटावं कोणी विसरून होळी पेटती ठेवली. गारांनी निम्मी फुलं खाली पाडलेली. ओल्या लाल मातीवर केशरी पाकळ्या, त्यावरून आम्ही चाललो. कुसुमाला तांबडी पालवी फुटली होती. ज्यांना नाव माहीत नसतं ते तीही फुलंच समजतात. लहानपणी मीही समजायचो.

वर देवळांचं मी काय नव्यानं सांगणार. पण केवल नरसिंहाच्या देवळाशी मास्तर थांबला आणि तिथल्या शिलालेखाबद्दल बोलू लागला. त्यात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून स्वतः राज्य चालवलेली बाई. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे खाली दक्षिणेला दिसतं ते नगरधन. तिथल्या उत्खननात २०१५ ते २०१८ मध्ये तिच्या मुद्रेचा मातीत उमटलेला ठसा मिळाला. शाळेत असताना आम्हाला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं. आमची सहल वराहापाशी संपायची. त्या दगडी वराहाच्या पोटाखालून सरपटत निघायचं, अडकला तो पापी. सातवीत मी सुळकन निघालो होतो. या खेपेला चौघांपैकी कोणीही तो विषय काढला नाही.

आणि रामटेक नि पाऊस एका मेलमध्ये आले की ‘मेघदूता’तला यक्ष येणारच, तर आटपून टाकतो. रामगिरी म्हणजे रामटेकच, हे वा. वि. मिराशींनी मांडलं आणि नागपूरकरानं कायमचं मान्य केलं. आमच्याकडे मेघ भरपूर होता, निरोप पाठवायला कोणी नव्हतं.

गडाच्या पुढे धारेवरून पायवाट जाते, तटाच्या पडक्या दगडांतून. एका बाजूला अंबाळा, पूर्वेला खिंडसीचं पाणी, उत्तरेला पेंचच्या जंगलाच्या निळ्या घड्या. तिथे बसलो. आईनं दिलेल्या सांबारवड्या होत्या. (पुण्याच्या मंडळींसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवर्षी सांगतो.) काटोलवाल्यानं पिशवी उघडली. संत्री. एक माझ्या हातात देऊन अंगठ्यानं फिरवून दाखवलं. सालीवर करंगळीच्या नखाएवढा खळगा, कड तपकिरी, आत पांढरट. ‘हे पाय. इथून बुरशी धरते. दोन-चार दिवसात देठ सुटते. बाजारात कोणी घेत नाही.’ मग सोलून अर्धं मला दिलं.

इतकं गोड संत्रं मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं आणि ते म्हणावं की नाही ते कळेना. शेवटी म्हटलंच. तो म्हणाला, ‘हव ना. यंदा मालच तसा होता.’

मग एक काळतोंड्या वानर आला, सरळ पिशवीशी. बँकवाला काठी शोधू लागला. काटोलवाल्यानं एक संत्रं त्याच्याकडे टाकलं, ‘घे, तुले नुकसानभरपाई.’ यावर तो स्वतःच इतका हसला, की आम्हालाही हसायची परवानगी मिळाली. वानरानं मात्र फळ उलटंपालटं करून पाहिलं, अगदी अडत्यासारखं.

साडेअकराला पश्चिमेकडे ढगांची गोभी वर यायला लागली, तसे उतरलो. मनसरच्या फाट्यावर तर्री पोहे खाल्ले. कामठी यायच्या आत वायपर चालू.

तुमचा शनिवार कोरडा जावो.


प्रेषक: पुणेकर, पण सौम्य

वृत्तांत झकास. सांबाराची नोंद घेतली, पुढच्या वर्षी पुन्हा सांगा. एक शंका: नागपूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं ना? मग एवढा पाऊस कुठून?


प्रेषक: धरमपेठवाला

ही शंका मला कोथरूडमध्ये लग्नाच्या बोलणीतही विचारली गेली होती. छाया तुमच्या माण-खटावची. आमचा पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येतो, त्याला सह्याद्रीशी देणंघेणं नाही. नागपूरची वर्षाची सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास आणि सिएटलची १००० च्या. होय, नागपुरात जास्त पडतो. आम्ही तो चार महिन्यांत ठोकात घेतो, तुम्ही वर्षभर किरकोळीत.


प्रेषक: सहल समिती

शनिवारचा हिशेब. अकरा जण, तीन गाड्या. घाटात बर्फाची भुरभुर, चेन लागली नाही. क्ली एलमच्या पुढे ढग फाटले आणि एलन्सबर्गला गाडीतून उतरलो तेव्हा सगळे मांजरासारखे उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. पाच मिनिटं कोणी बूटही बांधले नाहीत.

झुलत्या पुलावरून नदी ओलांडली आणि धार धरली. झाड एकही नाही. सेजब्रशची करडी झुडपं, बोटांत चुरडली की ओव्यासारखा उग्र वास. पिवळी बारकी फुलं जमिनीलगत नुकती आली होती. बाल्समरूटची मोठी पिवळी फुलं पाहायची तर एप्रिलच्या शेवटी या. वारा मात्र असा की दोन टोप्या यॅकिमा नदीला अर्पण. पलीकडच्या उतारावर बिगहॉर्न मेंढ्यांचा कळप दिसला. पायाखालचा काळा कातळ पाहून सगळ्यांना सह्याद्री आठवला आणि ते चूक नाही, दोन्हीकडे बेसाल्टच. हा साधारण १.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा ६.६ कोटी. धरमपेठवाल्यांसाठी: तुमची सीताबर्डीची टेकडी त्या दख्खनी लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या काठावर आहे. रामटेक-मनसरची रांग त्यातली नाही, ती कितीतरी जुनी, म्हणून तर तिथे मॅंगनीज निघतं.

गोचिडी चार निघाल्या, पैकी तीन एकाच माणसाच्या. त्यानं पॅण्ट खोचली नव्हती. नाव सांगत नाही, तो स्वतःच सांगेल. परतीला घाट उतरताच वायपर.


प्रेषक: डब्याच्या काकू

मी दोन्ही पत्रं वाचली. डोंगर राहू दे बाजूला. त्या काटोलच्या मुलाचं पुढे काय झालं? आणि येताना त्याचीच संत्री आण ना, डागाची असली तरी चालतील, मी मुरंबा घालीन.


प्रेषक: धरमपेठवाला

काकू, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात, नाहीतर पेटी उचलून आणली असती. काल त्याच्या बागेत जाऊन आलो. चांगली फळं वेगळी काढायचं काम चालू आहे. निम्म्याहून कमी निघतील म्हणतो. रसवाला एकजण डागाचा माल घ्यायला तयार झालाय, भाव विचारू नका. आम्ही तिघं दिवसभर झाडाखालची फळं वेचत होतो. बँकवाल्याची कंबर धरली आहे. संध्याकाळी पुन्हा अंधारून आलं तसा तो आभाळाकडे पाहून म्हणाला, ‘आता ये, काही रायलं नाही.’ पण फक्त वारा सुटला, पाऊस आला नाही.

तुमच्यासाठी संत्रा बर्फी घेतली आहे, दोन किलो. मंडळाची सभासदसंख्या पाहता वाटे तुम्हीच घाला, मी त्यात पडत नाही.